आय-ट्वेंटीचं दुसरं पान

ताई, नमस्कार.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न शॉप आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना पॅटर्न आणि कोअर बॉक्स, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, करून देतो. थोरली लेक गेल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या एमएसला गेली. घर तारण ठेवून कर्ज काढलंय. आता तिला उन्हाळ्यात तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. पंप बनवणारी कंपनी आहे, तासावर पगार आहे. आमच्या गल्लीत पेढे वाटून झाले. पण विद्यापीठातलं ऑफिस म्हणतं परवानगीचा कागद १८ मेपासूनचा मिळेल आणि कंपनी म्हणते ११ मेला या, पहिला आठवडा नुसतं ट्रेनिंग आहे, हवं तर पगार १८ पासून धरू. मी म्हटलं, जा की, फुकटात शिकायला मिळतंय तर कोण अडवतंय? ती फोनवर गप्पच बसली.

दुसरी गोष्ट. तिच्या आईचे लांबचे भाऊ तिथून दीड तासावर राहतात, त्यांचं दुकान आहे. शनिवार-रविवार गल्ल्यावर बस, रोख देतो म्हणतात. तिसरी गोष्ट माझी स्वतःची. ती इथं होती तेव्हा शॉपची सगळी थ्रीडी मॉडेलं तीच करायची. आता तिथून रात्री करून पाठवली आणि मी तिच्या इथल्या खात्यात पैसे भरले, तर त्यात अमेरिकेचा काय संबंध? शिवाय इथला एक कन्सल्टंट म्हणतो, पहिल्या दिवसापासून नोकरी करू देणारी कॉलेजं असतात, तिकडं बदली घ्या, कर्ज पटकन फिटेल.

आम्हाला नियम मोडायचा नाही. पण नियम काय आहे तेच उमजंना.

– एक बाप, उचगाव

ता. क. डिसेंबरात मामेभावाच्या लग्नाला ती येऊ शकेल का?

दादा, नमस्कार.

पेढ्यांबद्दल आधी अभिनंदन. पहिल्याच वर्षात, नव्या देशात, ओळखपाळख नसताना इंटर्नशिप मिळवणं सोपं नाही. लेक कष्टाची आहे. आणि फोनवर गप्प बसली म्हणजे शहाणीही आहे, कारण तिला उत्तर माहीत होतं, तुम्हाला कसं सांगायचं तेवढं माहीत नव्हतं. ते काम माझ्याकडं आलं.

कागदावर १८ मे असेल, तर ११ मेला तिनं त्या कंपनीच्या गेटातून आत पाऊल टाकायचं नाही. पगार घेऊन नाही, फुकट नाही, ट्रेनिंग म्हणून नाही. खोलीत बसून कंपनीचे व्हिडिओ बघायला सांगितले, तरी ते १८ नंतरच.

तुम्ही पुण्याच्या पार्टीला माल पाठवता तेव्हा काय करता? ई-वे बिल आधी निघतं, मग टेम्पो हलतो. बिलावर माल कुणाचा, कुठं चाललाय, गाडीचा नंबर काय, किती दिवस चालेल, सगळं असतं. समजा, टेम्पो आज सोडला आणि बिल सोमवारचं काढलं. किणी टोल नाक्याच्या पुढं कुणी गाडी अडवली आणि तुमचा ड्रायव्हर म्हणाला, ‘साहेब, माल तोच आहे, पार्टी तीच आहे, नुसती तारीख चार दिवस पुढची आहे,’ तर साहेब हसतील आणि गाडी बाजूला घ्यायला सांगतील. माल खरा असून भागत नाही. लेकीचा कागद अगदी असाच आहे.

त्या परवानगीला सीपीटी म्हणतात, करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेरच्या कंपनीत काम करायची मुभा. ही मुभा पासपोर्टावरच्या व्हिसाच्या स्टिकरवर नसते आणि कंपनीच्या ऑफर लेटरमध्येही नसते. लेक जाताना तुम्ही मुंबईच्या मुलाखतीसाठी फाईल लावली असेल, तिच्यात विद्यापीठानं दिलेला आय-ट्वेंटी नावाचा कागद होता. सीपीटी मंजूर झाली की त्या आय-ट्वेंटीची नवी प्रत निघते आणि तिच्या दुसऱ्या पानावर कंपनी, पूर्णवेळ की अर्धवेळ, कधीपासून आणि कधीपर्यंत, हे छापून येतं. मंजूर करणारा माणूस विद्यापीठातलाच असतो, त्याला डीएसओ म्हणतात. तो सरकारच्या सेव्हिस नावाच्या संगणकी नोंदवहीत नोंद करतो. मागची तारीख टाकून सीपीटी देता येत नाही. डीएसओ कितीही भला असला तरी नाही.

आपल्याकडं आयटीआयच्या पोराला अप्रेंटिस म्हणून घेताना आधी करार नोंदवावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्यक्षात किती शॉपमध्ये पोरगं आधी उभं राहतं आणि कागद सावकाश येतो, हेही आपल्या दोघांना ठाऊक आहे. तुमच्या ‘जा की’मागं तीच सवय आहे, म्हणून मी तुम्हाला दोष देत नाही. पण तिथं ही सवय चालत नाही.

आता मार्ग सांगते, कारण मार्ग आहे. १८ तारीख ही दगडावरची रेघ नसते. लेकीचे पहिले दोन सेमिस्टर मे महिन्याच्या सुरुवातीला संपत असतील. सीपीटीला लागणारी मुख्य अट हीच, की एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकून झालेलं असावं. ती अट मग ११ मेलाही पुरी झालेलीच असेल. मग १८ कुठून आली? बहुतेक उन्हाळी सत्र १८ ला सुरू होत असेल आणि इंटर्नशिप ज्या विषयाखाली दाखवली आहे त्याची नोंदणी त्या सत्रात असेल. तिनं डीएसओला साधा ईमेल करावा: कंपनी ११ पासून बोलावते आहे, सुरुवातीची तारीख ११ करता येईल का? हो म्हणाले तर कंपनीकडून तारीख बदललेलं पत्र घ्यायचं, ऑफिसात द्यायचं आणि नवी आय-ट्वेंटी हातात आली की ११ ला हजर व्हायचं. नाही म्हणाले, तर दुसरा ईमेल कंपनीला: माझी कामाची परवानगी १८ मेपासून आहे, त्याआधी मी कोणत्याही स्वरूपात सुरुवात करू शकत नाही, ट्रेनिंग पहिल्या आठवड्यात घेता येईल का? बस्स, दोन ओळी. माफीचा सूर नको आणि रडगाणं नको.

कंपनी ऑफर काढून घेईल, ही धास्ती तुम्हाला वाटत असेल. होण्याची शक्यता फार कमी. तिथल्या एचआरमधल्या माणसाला पुष्कळदा सीपीटी कशाशी खातात हे माहीत नसतं. अमेरिकन मुलांना ११ ला बोलावलं म्हणून हिलाही बोलावलं, एवढंच असतं. कायद्याचं कारण सांगितलं की बहुतेक कंपन्या निमूट तारीख हलवतात, कारण बिनपरवाना माणूस कामाला लावला तर भुर्दंड त्यांनाही असतो. पहिल्या दिवशी किंवा त्यानंतरच्या तीन कामाच्या दिवसांत त्यांना आय-नाईन नावाचा फॉर्म भरून तिची कागदपत्रं डोळ्यांनी बघावी लागतात. तेव्हा ती पासपोर्ट, आय-नाइंटी-फोर म्हणजे देशात आल्याची सरकारी नोंद, आणि ही नवी आय-ट्वेंटी दाखवेल. त्यावर तारीख चुकीची असली तर तिथंच घोळ सुरू होतो.

माझा स्वतःचा घोळ सांगते. मी शिकायला गेले होते तेव्हा माझ्या ऑफर लेटरवर कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता होता आणि काम मात्र साठ मैलांवरच्या प्लांटमध्ये होतं. मी पत्र नीट न वाचता तसंच ऑफिसात नेऊन दिलं. ऐनवेळी लक्षात आलं तेव्हा पुन्हा पत्र, पुन्हा अर्ज, आणि नऊ दिवस मी खोलीवर बसून डाळ-भात खात होते. पगाराचे नऊ दिवस गेले. चूक माझी. तेव्हा लेकीला सांगा, पत्रात कंपनीचं नाव, प्रत्यक्ष कामाच्या जागेचा पत्ता, सुरुवात आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, कामाचं स्वरूप, वरिष्ठाचं नाव एवढं आहे का ते बोट ठेवून वाच. मधेच कंपनीनं दुसऱ्या प्लांटला पाठवलं किंवा ऑगस्टमध्ये ‘आणखी पंधरा दिवस थांब’ म्हणाले, तर जाण्याआधी आणि थांबण्याआधी पुन्हा डीएसओ.

बिनपगारी कामाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण हा गैरसमज फक्त तुमचा नाही. ‘पैसे घेतले नाहीत म्हणजे काम केलं नाही’ असं आपण धरून चालतो. आपल्याकडं भाच्यानं मामाच्या दुकानात बसणं हे काम नसतंच, ते नातं असतं. तिथं प्रश्न वेगळा विचारतात: हे काम एरवी पगारी माणसानं केलं असतं का? नफ्यासाठी चाललेल्या कंपनीत, तिच्या फायद्याचं, ठरल्या वेळेला हजर राहून केलेलं काम हे कामच, खिशात डॉलर पडो न पडो. म्हणून बिनपगारी इंटर्नशिप मिळाली तरी सीपीटी घेऊनच करावी, हाच शहाणपणा. देवळात लाडू वळायला जाणं, अन्नछत्रात वाढायला उभं राहणं, जिथं कुणालाच पगार नसतो अशी सेवा, ती वेगळी. ती तिनं खुशाल करावी, चार माणसं भेटतील.

आता आईच्या लांबच्या भावांकडं येऊ. इथं मी गोड बोलणार नाही. नको. एक शनिवारही नको.

एफ-वन, म्हणजे लेकीच्या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना विद्यापीठाच्या आवारात काम करता येतं: सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, सुट्टीत पूर्णवेळ. ग्रंथालय, मेस, प्रयोगशाळा, प्राध्यापकाची मदतनीस, सगळं धरून २०. दोन ठिकाणी पंधरा-पंधरा असं नाही. आवाराबाहेर मात्र परवानगीशिवाय काहीच नाही. पहिलं वर्ष संपल्यावर अनपेक्षित आर्थिक संकट कोसळलं तर वेगळा अर्ज करून बाहेर काम करायची एक वाट आहे, पण कर्जाचा हप्ता मोठा आहे हे त्यात बसत नाही. तो आधीपासून माहीत होता.

मामांच्या गल्ल्यावर रोखीत बसली आणि पकडली गेली तर काय, असा हिशोब लोक करतात. पकडलं जाणं ही पुढची गोष्ट. परवानगीशिवाय काम केलं त्याच दिवशी तिचा विद्यार्थी म्हणून असलेला दर्जा मोडतो. एरवी विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली, उदाहरणार्थ विषय कमी घेतले गेले, तर दर्जा परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. पण त्या अर्जाच्या अटींतच लिहिलेलं आहे की विद्यार्थ्यानं बिनपरवाना काम केलेलं नसावं. म्हणजे बाकीच्या चुकांना जी दुरुस्ती आहे, ती या चुकीला नाही. पुढं कधी ग्रीन कार्डाचा अर्ज केला तर त्यातही हा प्रश्न येतो आणि खोटं लिहिणं हा मूळ चुकीपेक्षा मोठा गुन्हा. दोन दिवसांच्या रोख मजुरीसाठी घर तारण ठेवून घेतलेली डिग्री पणाला लावायची का? त्या मामांना राग येईल, येऊ द्या. ज्यांना तिथं वीस वर्षं झाली त्यांना हा नियम माहीत असतो. माहीत असून भाचीला गल्ल्यावर बसवायला निघालेत, तर रागवायचा हक्क कुणाचा हे तुम्हीच ठरवा. तिला रविवारी जेवायला बोलवा म्हणावं, पोरगी पांढऱ्या रश्श्याला आसुसली असेल.

तुमच्या ड्रॉइंगांचा प्रश्न मला सगळ्यात भिडला, दादा. कारण तो लबाडीतून आलेला नाही, सवयीतून आलाय. पोरगी रात्री तुमच्या शेजारी बसून मॉडेल फिरवत होती, तुम्ही म्हणत होता ‘इथं टेपर वाढव, वाळू फाटंल’, आणि ती वाढवत होती. ते संपलं, हे मान्य करायला जड जातं.

पण तुमचा युक्तिवाद असा, की शॉप उद्यमनगरातलं, पैसे कोल्हापुरातल्या खात्यात, मग अमेरिकेचा संबंध काय? संबंध असा, की काम करणारे हात अमेरिकेत आहेत. हात तिथं आहेत, त्या देशानं त्या हातांना शिकायची मुभा दिली आहे, आणि कामाची मुभा मोजून-मापून वेगळी दिली आहे. परदेशातल्या मालकासाठी लॅपटॉपवर केलेल्या कामाबद्दल वकिलांमध्येही वाद घालणारे सापडतील. पण वाद घालायला लागावा अशा जागी तुमची लेक कशाला उभी करायची? ठरावीक मोबदल्यात, दर महिन्याला, शॉपची मॉडेलं करून देणं याला मी नको म्हणते. तिच्या डीएसओला विचारलं तर तोही बहुधा हेच सांगेल. आणि ‘मग पैसे देत नाही, तशीच करू दे’ असं म्हणू नका, वरती बिनपगारी कामाचं काय सांगितलं ते आठवा. तिनं केलं नसतं तर तुम्हाला पगारी पोरगा ठेवावा लागला असता.

याचा अर्थ लेकीनं बापाशी धंद्याचं बोलू नये असा नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही नवा पॅटर्न दाखवलात आणि ती म्हणाली, ‘अप्पा, फिलेट कमी वाटतंय,’ तर त्याला कुणी नोकरी म्हणणार नाही. बोला, भांडा, विचारा. मॉडेल मात्र इथल्या माणसाकडून करून घ्या. पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेली, सॉफ्टवेअर येणारी पण पॅटर्न कधी हातात न धरलेली पोरं पुष्कळ आहेत. एकाला घ्या, तीन महिने त्याच्यावर ओरडा, तयार होईल. तुमच्या लेकीलाही तुम्ही तसंच तयार केलं असणार. शॉपमध्ये तिची भागीदारी कागदावर असेल तर नफ्यातला वाटा तिच्या खात्यात जायला हरकत नाही, ती गुंतवणूक झाली. पण वाटा म्हणायचं आणि मजुरी द्यायची, असं करू नका.

कन्सल्टंटचं लवकर आवरते, कारण त्यावर वेळ घालवावा अशी ती गोष्ट नाही. काही पदव्युत्तर अभ्यासक्रमांत पहिल्या सत्रापासून प्रत्यक्ष काम सक्तीचं असतं आणि तिथं वर्षभर थांबायची अट लागत नाही, हे खरं आहे. त्या अपवादाचं काही जणांनी दुकान केलंय. फी भरा, महिन्यातून एकदा तोंड दाखवा, बाकी पूर्णवेळ नोकरी करा. अशा ठिकाणचे कागद पुढच्या प्रत्येक अर्जात भिंगाखाली जातात. शिवाय हिशोबही तोट्याचा आहे: एकाच पातळीच्या शिक्षणात १२ महिने किंवा त्याहून जास्त पूर्णवेळ सीपीटी केली की डिग्रीनंतर मिळणारी ओपीटी नावाची कामाची परवानगी जाते. तुमच्या लेकीचे तीन महिने त्या मापात कुठंच नाहीत, तिची ओपीटी शाबूत राहते. इंजिनिअरिंगची चांगली शाखा, पंपाच्या कंपनीत जागा, आणि हे सोडून बदली? त्या कन्सल्टंटला विचारा, बदलीमागं त्याला त्या कॉलेजाकडून काय मिळतं.

ओपीटीचं नाव निघालंच आहे तर थोडक्यात सांगते, कारण तिचं खरं काम तिथं आहे. डिग्री झाल्यावर १२ महिने आपल्या शाखेत काम करायची ही परवानगी. ही विद्यापीठ एकटं देत नाही, सरकारच्या इमिग्रेशन खात्याकडं आय-सेव्हन-सिक्स्टी-फाइव्ह नावाचा अर्ज करावा लागतो आणि कार्ड येतं. कार्ड हातात आणि त्यावरची तारीख उजाडलेली, मगच काम. अर्ज अभ्यासक्रम संपायच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो, पण डीएसओनं शिफारस नोंदवली की ३० दिवसांच्या आत अर्ज पोचलाच पाहिजे. ही ३० दिवसांची अट विसरून शिफारस आधी घेऊन ठेवणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. पुढच्या वर्षी मे महिन्यात तिची डिग्री असेल तर फेब्रुवारीत तिनं कामाला लागावं; मंजुरीला किती आठवडे लागतील हे आपल्या हातात नसतं. ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. तिची शाखा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतली आहे, म्हणून त्यानंतर आणखी २४ महिने मिळू शकतात, मात्र कंपनी ई-व्हेरिफाय नावाच्या सरकारी पडताळणीत नोंदलेली असावी लागते आणि प्रशिक्षणाचा लेखी आराखडा द्यावा लागतो. म्हणजे जास्तीत जास्त तीन वर्षं. त्यापुढं एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा, त्याच्या वर्षाला ६५ हजार जागा आणि तिथल्या पदव्युत्तरांसाठी आणखी २० हजार, बाकी नशीब. ते गणित आज मांडू नका. त्याचे नियम आणि शुल्क अलीकडं इतके हलले आहेत की आज मांडलेलं उद्या पुसावं लागेल.

पैशांचं बोलू, कारण पत्रातल्या प्रत्येक ओळीखाली तेच आहे.

पहिलं, सोशल सिक्युरिटी नंबर. तिनं अजून आवारात काम केलं नसेल तर तो तिच्याकडं नसेल. पगार रीतसर मिळायला तो लागतो. सीपीटीची आय-ट्वेंटी आली की त्या कार्यालयात जाऊन अर्ज करायचा, पण कामाच्या तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंतच. त्याहून लवकर गेली तर परत पाठवतील. म्हणजे १८ मे धरला तर १८ एप्रिलच्या आधी खेटा मारू नये. नंबर यायला उशीर झाला म्हणून पहिला पगार थोडा लांबू शकतो, घाबरायचं नाही.

दुसरं, पहिल्या पगाराची स्लिप नीट वाचायची. अमेरिकन कामगारांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी ७.६५ टक्के कापतात. एफ-वनवरच्या विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं, करासाठी अनिवासी असेपर्यंत, ही कपात लागत नाही. कंपनीचा पगार काढणारा माणूस सवयीनं कापतो. १०० डॉलरमागं साडेसात डॉलर ही रक्कम तीन महिन्यांत लहान नसते. तिनं पहिल्याच आठवड्यात नम्रपणे सांगावं, कापले गेलेच तर कंपनीकडून परत मागावेत. केंद्राचा आणि काही राज्यांचा प्राप्तिकर मात्र कापला जाणारच. पुढच्या वर्षी १५ एप्रिलच्या आत तिला अनिवासीचं विवरणपत्र भरायचं आहे. भारत-अमेरिका कर करारात भारतीय विद्यार्थ्यांसाठी एक सवलत आहे, कलम २१ मध्ये: तिथल्या लोकांना मिळणारी प्रमाणित वजावट आपल्या मुलांनाही घेता येते. बाकी बहुतेक देशांच्या मुलांना ती मिळत नाही. तिच्या शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या देशाच्या मैत्रिणीचा फॉर्म बघून तिनं स्वतःचा भरू नये, एवढ्यासाठी सांगितलं.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. सीपीटी अभ्यासक्रमाचा भाग असावी लागते, म्हणून पुष्कळ विद्यापीठांत उन्हाळ्यात इंटर्नशिपचा एक विषय म्हणून नोंदणी करावी लागते आणि एका क्रेडिटची का होईना, फी भरावी लागते. ‘पैसे मिळवायला गेली आणि आधी पैसेच मागितले’ असा फोन आला तर तिच्यावर चिडू नका. ती फी त्या ई-वे बिलाचीच किंमत आहे.

आणि कर्ज. बँकेचं मंजुरीपत्र कपाटातून काढा. शैक्षणिक कर्जात बहुधा शिक्षण संपेपर्यंत आणि त्यानंतर साधारण एक वर्ष मुद्दलाचा हप्ता नसतो; तुमच्या पत्रात नेमकं काय आहे ते वाचा. या काळात व्याज साठत जातं, ते जमेल तसं भरत राहिलात तर पुढचा हप्ता हलका होतो. जुन्या करपद्धतीत तुम्ही असाल तर बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षं वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही. तुमच्या सीएला हे दोन्ही मांडून विचारा. मुद्दा इतकाच, की हप्त्याचा घोडा आत्ता तुमच्या पाठीवर नाही. तुम्ही प्रत्येक फोनवर ‘हप्ता’ म्हणालात की ती पोरगी मामांच्या गल्ल्याकडं बघणार. तिला कर्जाचा आकडा पाठ आहे, दादा. तिथं रोज जेवताना ती डॉलरला रुपयांनी गुणत असेल. तुम्ही पुन्हा सांगायची गरज नाही.

मी वकील नाही. नियम बदलतात, म्हणून शेवटचा शब्द तिच्या डीएसओचा, माझा नाही, मामांचा नाही आणि तिच्यासोबत राहणाऱ्या सीनियरचा तर नाहीच. त्या ऑफिसला विचारायला मुलं भितात, त्यांना वाटतं विचारलं तर संशय येईल. येत नाही. विचारणारी मुलं त्यांना आवडतात. तोंडी विचारलं तरी उत्तर ईमेलवर मागून घ्यायचं, म्हणजे उद्या माणूस बदलला तरी कागद राहतो.

तुम्ही ताजा कलममध्ये विचारलं होतं की डिसेंबरात मामेभावाच्या लग्नाला ती येऊ शकेल का. येऊ शकेल. व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आणि तोवर चालू असलेला हवा, आणि आय-ट्वेंटीवर प्रवासासाठीची डीएसओची सही हवी. ती सही अभ्यासक्रम चालू असताना वर्षभर चालते. सीपीटीमुळं नवी आय-ट्वेंटी निघेल, तेव्हा जुनीवरची सही धरून निघू नये, नव्या प्रतीवर आहे ना ते बघावं. जुन्या प्रती मात्र फेकायच्या नाहीत, एकूण एक जपून ठेवायच्या. आणि येताना-जाताना ती फाईल मोठ्या बॅगेत नको, खांद्यावरच्या पिशवीत. इमिग्रेशनच्या खिडकीशी पोचता तेव्हा मोठी बॅग अजून पट्ट्यावर फिरतच असते.